एक सोडून एक

कुलसचिवांचं परिपत्रक दोन पानांचं,
शिक्का जरा वाकडा.
एक खुर्ची सोडून एक.
दोघांत सहा फूट.
परत आलेलं पुस्तक तीन दिवस वेगळं ठेवावं,
चौथ्या दिवशी फडताळात.
दंड माफ.

अकरा महिन्यांनी वाचनकक्ष उघडायला गेलो
तर किल्ली फिरेना.
नदाफमामांनी सायकलचं तेल सोडलं दोन थेंब.
आत कागदाचा वास, पालींचा वास,
आणि खिडकीजवळच्या टेबलाखाली
मार्चात कुणी विसरलेला स्टीलचा डबा.
भाकरी मुळातच कडक, आता पार पत्रा झालेली.
शेंगाची चटणी मात्र तशीच.
मामा म्हणाले, ही आपल्याही मागं राहणार बघा.
हसलो.
मास्कच्या आत हसलं की चष्म्यावर धुकं येतं.

डब्यावर ठोकून कोरलेलं नाव:
सौ. नरसम्मा कुरापाटी, ११-५-९६.
लग्नातला असावा.
धुऊन काउंटरवर ठेवला.

मग पिवळी चिकटपट्टी घेऊन बसलो.
फुली, मोकळी, फुली, मोकळी,
एकशेवीस खुर्च्यांत साठ फुल्या.
चाळिसाव्या फुलीला गुडघे बोलायला लागले
आणि आठवला वडिलांचा माग, साखर पेठेतला,
वर फिरणारी जेकार्डच्या पत्त्यांची माळ.
भोक असेल तिथला धागा उचलायचा,
नसेल तिथला खाली.
एवढ्यावर चादरीत मोर यायचा.
मला वाटे, मोर त्या पत्त्यांतच दडून बसलाय.
वडील म्हणत, पत्त्यात काय नाही रे, नुसती भोकं.
मोर धाग्यात.
धागा आला तर.

सोमवारी पोरं आली.
फाटकावर कपाळाला बंदूक:
चौतीस पॉइंट दोन, चौतीस पॉइंट दोन,
केगावच्या उन्हात उभे सगळे थंडगार!
मामांनी ती फाटकाच्या गजाला लावून पाहिली,
गजाला ताप निघाला.
सॅनिटायझरसाठी तळवे पुढे आले
तीर्थाला धरावेत तसे,
नावं डोळ्यांवरून ओळखायची,
दोनदा चुकलो.
साठ मोकळ्या खुर्च्या. बसले बावीस.

बुधवारी एक मुलगा आला, नववीतला असेल,
मास्क हनुवटीवर, मला पाहून वर ओढला.
पिशवीतून दोन पुस्तकं काढली.
अक्कानं दिलीत.
कार्डावर आडनाव कुरापाटी.
अक्का कुठाय?
टॉवेलच्या कारखान्यात, शिलाईला.
मोबाईल एकच होता घरात,
तो मला शाळेला लागायचा.
असं म्हणाला
जसं काही त्यानंच काही चोरलं होतं.
मग, दंड किती ओ?

दंड माफ, म्हणालो.
दुसरं सांगायला परिपत्रकात काही नव्हतं.
मोकळी ठेवलेली खुर्ची मोकळीच राहिली
तर काय करावं, हे तर नव्हतंच.

डबा पुढे केला.
आईचा आहे, तो म्हणाला, आणि घट्ट धरला.
रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात.
काउंटरवर काय होतं?
सॅनिटायझर, शिक्का, स्टेपलर.
तिच्याच कार्डावर दोन्ही पुस्तकं पुन्हा चढवली,
पुढची तारीख मारली,
चिठ्ठी घडी घालून डब्यात टाकली.
म्हणालो, पुस्तकं आज मिळायची नाहीत,
नियम आहे.
शनिवारी तिला सांग.
तिनंच यायचं, दुसऱ्याला देत नाही.
(हा नियम माझा.)

पुस्तकं मागच्या खोलीत ठेवली.
एकात अठ्ठ्याण्णवाव्या पानावर
खूण म्हणून विडीच्या पानाचा कापलेला तुकडा.
तो काढला नाही.

विडी घरकुल शहराच्या त्या टोकाला,
आपण या टोकाला.
फुटांत किती, मोजलं नाही.

संध्याकाळी दिवे मालवताना दिसलं,
खिडकीजवळच्या त्या खुर्चीवर
नेमकी फुली आलीय.
खाली बसलो, नखानं कोपरा उचलला,
ती सोलून शेजारच्या खुर्चीवर चिकटवली.
हिशेब तोच, साठ.
पट्टीबरोबर थोडा रंगही निघाला.